श्वास पाहताना विचारांचे काय करायचे, आणि ‘साक्षी’ ही करायची गोष्ट आहे का?

पहाटबैठक

नमस्कार. मी पुण्यात सहकारनगरमध्ये राहते, बँकेत नोकरी करते आणि गेले नऊ महिने रोज पहाटे साडेपाचला सतरंजीवर बसून श्वासाकडे लक्ष देण्याचा सराव करते. सहाच्या सुमारास आमच्या इमारतीचे वॉचमन पाण्याचा पंप सुरू करतात. त्याचा आवाज आला की उठायचे, एवढाच माझा वेळेचा हिशेब आहे. पहिले तीन महिने एक ते दहा असे श्वास मोजण्यात गेले. ते बऱ्यापैकी जमू लागल्यावर मोजणे सोडले आणि तेव्हापासून मी एका गुंत्यात अडकले आहे. तो येथे शक्य तितक्या नेमकेपणाने मांडते.

एक अडचण लहान आहे. श्वासाकडे लक्ष दिले की तो मुद्दाम घेतल्यासारखा होतो. लक्ष नसताना तो आपला आपण चालू असतो, पण पाहायला गेले की तपासणीला साहेब आल्यावर शाळेतला वर्ग जसा ताठ बसतो, तसा तो ताठ होतो.

दुसरी अडचण मोठी आहे. परवाचेच उदाहरण देते. बसून चार-पाच मिनिटे झाली असतील. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा पुढच्या रविवारी आहे. त्या सभेत मी काय बोलणार याचे एक अख्खे भाषण मनात तयार झाले, त्यावर इतर सभासदांनी घेतलेले आक्षेप आले आणि त्या आक्षेपांना मी दिलेली सडेतोड उत्तरेही आली. मग एकदम लक्षात आले की आपण ध्यानाला बसलो आहोत. येथपर्यंत ठीक होते. पण त्यानंतर मनात वाक्य उमटले, ‘हा विचार होता’. त्याच्यामागून ‘आता मी विचाराकडे पाहते आहे’, आणि त्याच्याही मागून ‘मी पाहते आहे हे मला कळते आहे, मग हे ज्याला कळते तो कोण?’ सराफाच्या दुकानात समोरासमोर लावलेल्या आरशांत एकामागे एक आपलीच डोकी दिसत जातात, तसे काहीसे होते. या सगळ्यात श्वास कधीच सुटलेला असतो.

सल्ले दोन मिळाले. मी काही आठवडे एका वर्गाला जात होते. तेथील शिक्षक म्हणाले की विचार येतात याचा अर्थ बैठक कच्ची आहे, विचार येऊच देऊ नका. माझी मोठी नणंद अनेक वर्षे ध्यान करते, तिचे म्हणणे असे की विचार येऊ देत, आपण साक्षीभावाने, म्हणजे त्यांत न गुंतता, नुसते पाहावे. पहिला सल्ला पाळायला गेले तर कपाळ ताणले जाते आणि दुसरा पाळायला गेले तर आरशांची रांग सुरू होते. म्हणून विचारते : विचार लक्षात आल्याच्या त्या क्षणी नेमके काय करायचे असते? आणि ‘साक्षी’ हे काही करायचे असते का? कृपया ‘सोडून द्या’ एवढेच लिहू नये, कारण सोडायचे कसे हाच माझा प्रश्न आहे.

जुना डेक्कनकर

ताई, आपली लहान अडचण मला लहान वाटत नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी आळंदीजवळच्या मरकळ येथील विपश्यना केंद्रावर पहिले दहा दिवसांचे शिबिर केले. त्यात पहिले तीन दिवस आनापानाशिवाय, म्हणजे येणारा-जाणारा श्वास जाणण्याशिवाय, दुसरे काही नसते. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला बैठक सुरू होते आणि सूचना एकच असते, की श्वास जसा आपोआप येतो आणि जातो तसा जाणायचा, त्याचा व्यायाम करायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आचार्यांकडे तक्रार घेऊन गेलो की मला नैसर्गिक श्वास सापडतच नाही, माझा प्रत्येक श्वास मीच ओढलेला असतो. त्यांनी विचारले, ‘ओढलेला आहे हे कळते ना?’ मी म्हणालो, कळते. ‘मग तेच जाणा.’ एवढे बोलून त्यांनी पुढच्या साधकाकडे पाहिले. त्या वेळी मला हे उत्तर टोलवाटोलवीचे वाटले होते.

पुढे कधीतरी आनापानसति सुत्त, म्हणजे श्वासाच्या ध्यानावरचा बुद्धाचा पाली उपदेश, वाचनात आले, तेव्हा त्या उत्तराची बाजू कळली. या सुत्तात सरावाच्या सोळा पायऱ्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांसाठी, म्हणजे दीर्घ श्वास दीर्घ म्हणून आणि आखूड श्वास आखूड म्हणून ओळखण्यासाठी, ‘पजानाति’ म्हणजे ‘जाणतो’ हे क्रियापद आहे. उरलेल्या चौदा पायऱ्यांना ‘सिक्खति’, म्हणजे ‘शिकतो, सराव करतो’, असे क्रियापद आहे. सुरुवातीला श्वास चांगला करण्याची अट नाही, आहे तो कळण्याची आहे. मुद्दाम घेतलेला श्वास ‘मुद्दाम घेतलेला’ म्हणून कळला, तर त्या श्वासापुरते काम झाले. एक साधी युक्तीही सांगतो. उच्छ्वास संपल्यावर एक बारीकशी विश्रांती असते. तेथे पुढचा श्वास घ्यायचा नाही आणि रोखायचाही नाही, तो कधी येतो याची वाट पाहायची. तो आपल्याला न विचारता येतो. असे चार-पाच वेळा घडले की ताठ बसलेला वर्ग हळूहळू सैल होतो.

आता विचारांबद्दल. आपण स्वारगेटला नुसते उभे राहायचे ठरवले आहे असे समजा. कात्रजची बस आली आणि आपण तिच्यात चढलो. कधी चढलो ते कळले नाही, कळले ते पद्मावतीला. चढताना कोणालाच कळत नाही, हे एकदा मान्य केले की निम्मी खंत तेथेच संपते. पद्मावतीला कळल्यावर उतरायचे. कंडक्टरशी हुज्जत घालायची नाही, ही बस चुकीच्या मार्गाने का जाते याची चौकशी करायची नाही आणि ‘प्रवासीहो, मी आता उतरतो आहे’ अशी घोषणाही करायची नाही. आपली आरशांची रांग म्हणजे ही घोषणा आहे. मला तर असे दिसते की घोषणा करता करता आपण दुसऱ्या बसमध्ये चढलेल्या असता, फक्त तिच्यावर ‘ध्यान’ अशी पाटी असते.

आणखी एक गोष्ट पुढच्या वेळी तपासून पाहा. सभेचे भाषण ऐन रंगात असताना ‘आता मी जागी होते’ असे आपण ठरवले होते का? ठरवणे शक्यच नव्हते, कारण ठरवणारी व्यक्ती भाषणात गुंतलेली होती. तरीही कळले. जे कळणे आपण घडवलेले नाही, ते टिकवण्यासाठी आपण मागाहून वाक्यांचे टेकू का लावतो, असा मला प्रश्न पडतो. माझा स्वतःचा अनुभव असा, की त्या कळण्यानंतर वाक्य उमटण्यापूर्वी एक अगदी छोटी मोकळी जागा असते. तेथून सरळ शरीराकडे वळता येते, आणि श्वास शरीरातच चालू असतो.

समुपदेशक_कर्वेनगर

मी मानसशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालते.

‘विचार येऊच देऊ नका’ हा सल्ला का फसतो, यावर डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८७ सालचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. लोकांना पाच मिनिटे मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले होते, मात्र पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटा वाजवा, अशी अट होती. घंटा वाजतच राहिल्या. त्याहून महत्त्वाचे असे, की ज्यांनी आधी तो विचार दडपला होता त्यांना नंतर मोकळीक दिल्यावर अस्वल अधिक वेळा आठवले. याचे कारण समजण्यासारखे आहे. अस्वल आले नाही ना, हे तपासण्यासाठी मनाला अस्वलाची खूणगाठ बांधूनच ठेवावी लागते. तेव्हा पहाटबैठक यांचे कपाळ ताणले जाते ते बैठक कच्ची असल्यामुळे नव्हे, तर एकाच मनाला पहारेकरी आणि चोर अशी दोन्ही कामे दिल्यामुळे.

विचार लक्षात येण्याच्या क्षणावरही संशोधन झालेले आहे. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ध्यानाचा सराव असलेल्या लोकांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितले होते आणि मन भटकल्याचे लक्षात येताच बटण दाबायला सांगितले होते. संशोधकांनी त्यातून एक चक्र मांडले : मन भटकते, भटकल्याचे लक्षात येते, लक्ष वळवले जाते, ते काही काळ टिकते आणि पुन्हा मन भटकते. आपण ज्याला अपयश म्हणतो ते या चक्राचे एक अंग आहे. आणि जो क्षण आपल्याला ‘पकडले गेल्यासारखा’ वाटतो, तोच सरावातला सर्वांत जागा क्षण असतो. दुर्दैवाने नेमक्या त्याच क्षणी आपण स्वतःला रागावतो. मूल उशिरा का होईना घरी आले आणि उंबऱ्यातच त्याला धपाटा बसला, तर उद्या ते आणखी उशिरा येईल.

नाव देण्याबद्दल एक खुलासा करते, कारण येथे दोन पद्धतींची सरमिसळ झाल्यासारखी वाटते. म्यानमारच्या महासी सयाडो यांच्या पद्धतीत पोटाचे उंचावणे-खाली जाणे हा आधार असतो आणि विचार आला की ‘विचार, विचार’ अशी अगदी हलकी नोंद घेतात. मरकळच्या शिबिरात शिकवतात त्या गोएंका गुरुजींच्या पद्धतीत आनापानाला कोणत्याही शब्दाची किंवा कल्पनाचित्राची जोड देत नाहीत. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुसंगत आहेत, पण एकाच बैठकीत दोन्ही वापरल्या की गोंधळ उडतो. नोंद घ्यायचीच असेल तर ती एका शब्दाची असावी. ‘आता मी विचाराकडे पाहते आहे’ हे कर्ता, कर्म, क्रियापद असलेले पूर्ण वाक्य आहे आणि वाक्यात कर्ता आला की त्याचा शोध सुरू होणारच.

पाली_वाचक

आरशांची रांग वाचून मला आनंद झाला, कारण प्रश्न जुना आहे आणि त्याची उत्तरेही जुनी आणि नेमकी आहेत. पतंजलींच्या योगसूत्रांच्या चौथ्या पादातील एकविसावे सूत्र असे आहे : ‘चित्तान्तरदृश्ये बुद्धिबुद्धेरतिप्रसङ्गः स्मृतिसंकरश्च’. एका चित्ताला दुसरे चित्त पाहते असे मानले, तर दुसऱ्याला पाहायला तिसरे लागेल, तिसऱ्याला चौथे, आणि ही माळ कोठेच थांबणार नाही. शिवाय कोणती आठवण कोणाची, याचा घोटाळा होईल तो वेगळाच. त्याच्या आधीचे सूत्र, ‘एकसमये चोभयानवधारणम्’, साधकाच्या दृष्टीने अधिक उपयोगाचे आहे. विषय आणि त्याला जाणणारे चित्त या दोहोंचे आकलन एकाच वेळी होत नाही, असे ते सांगते. त्यामुळे आपण ‘पाहणाऱ्या’कडे वळून पाहतो तेव्हा हाती लागतो तो पाहणाऱ्याविषयीचा एक नवा, ताजा विचार.

यावरून पतंजली ज्या निष्कर्षाला जातात तो असा, की चित्त हे दृश्यच आहे आणि त्याच्या वृत्ती सदैव ज्ञात असतात त्या अपरिणामी अशा पुरुषाला, म्हणजे कधीही न बदलणाऱ्या जाणणाऱ्याला. बौद्धांनी हा निष्कर्ष मानला नाही. बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नागाच्या परंपरेत ज्ञान हे दिव्यासारखे स्वतःलाही उजळते, त्याला पाहायला वेगळा कोणी लागत नाही, असा पक्ष मांडला गेला. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेच्या सरावावरील बुद्धाच्या उपदेशात, तर पाहणाऱ्याची चर्चाच नाही. तेथे सूचना अशी आहे की सराग चित्त सराग म्हणून जाणावे, विखुरलेले चित्त विखुरलेले म्हणून जाणावे. (पालीतील ‘राग’ म्हणजे आसक्ती. मराठीतला राग तेथे ‘दोस’ या नावाने येतो. मराठी वाचकाची येथे हमखास फसगत होते, माझीही झाली होती.)

पुण्यात योगसूत्रे आणि पाली सुत्ते शेजारी ठेवून वाचण्याची सोय फार पूर्वीपासून आहे. धर्मानंद कोसंबी १९१२ पासून काही वर्षे फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते. तरीही आपल्या बोलण्यात दोन घरांची भांडी एकत्र झाली आहेत. वेदान्तातला ‘साक्षी’ हा शब्द आपण विपश्यनेच्या बैठकीत सर्रास वापरतो आणि मग बैठकीत त्या साक्षीला शोधत बसतो. वेदान्ताच्या मतेही साक्षी कधी दृश्य होत नाही. म्हणजे ज्या परंपरेने हा शब्द दिला, तिच्या हिशेबानेही तो सापडण्यासारखा नाही. आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे : साक्षी ही करायची गोष्ट नाही, आणि ती आहे की नाही या वादाचा निकाल पहाटे साडेपाच ते सहा या वेळात लावायचा नाही.

फक्त त्या वर्गातील शिक्षकांच्या बाजूने एक शब्द लिहितो. मज्झिम निकाय या पाली सुत्तांच्या संग्रहातील विसाव्या सुत्तात त्रासदायक विचारांवर पाच उपाय क्रमाने दिले आहेत. सुतार जसा लहान खुंटीने मोठी खुंटी ठोकून बाहेर काढतो तसा चांगल्या विषयाने वाईट विचार काढावा, हा पहिला. विचारांतील धोका पाहणे आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे, हे दुसरा आणि तिसरा. चौथ्या उपायाचा दृष्टान्त मला फार आवडतो. एक माणूस भराभर चालला आहे, त्याला वाटते की मी इतक्या घाईने का चालतो, म्हणून तो हळू चालतो. मग वाटते, चालतो तरी का, म्हणून उभा राहतो, मग बसतो, मग आडवा होतो. दात आवळून, जीभ टाळूला लावून मनाला दाबणे हा उपाय शेवटचा, पाचवा आहे. तोही लोभ, द्वेष आणि मोह यांनी भरलेल्या विचारांसाठी आहे. सोसायटीच्या सभेसाठी पहिल्याच मिनिटाला पाचवा उपाय काढणे म्हणजे सर्दीला थेट शस्त्रक्रिया सांगण्यासारखे आहे.

टेकडीवरची_वाट

वरील सर्व वाचले. मला बसचा दृष्टान्त पूर्णपणे पटला नाही.

पुनर्विकासाच्या विचारातून उतरणे सोपे आहे. माझे वडील गेल्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत मी बसत असे तेव्हा जे येत होते, त्याला विचार म्हणणेही कठीण होते. रुग्णालयातील शेवटची रात्र, मी कोणत्या वेळी कोणाला फोन करायला हवा होता, हेच पुन्हा पुन्हा येत असे. त्यातून ‘उतरून’ श्वासाकडे वळणे मला पळून जाण्यासारखे वाटे, आणि दोन श्वासांनंतर मी पुन्हा त्याच खोलीत असे. मला उपयोग झाला तो वेगळ्या गोष्टीचा. मनातली गोष्ट चालू द्यायची, तिच्याशी बोलायचे नाही, पण त्या वेळी छातीत जो दगड ठेवल्यासारखा भार असतो तेथे लक्ष नेऊन ठेवायचे आणि श्वास त्या भाराच्या शेजारून जातो आहे एवढे पाहायचे. काही दिवशी तेही जमले नाही. त्या दिवशी मी डोळे उघडले आणि तळजाईवर चालायला गेलो. याला मी माघार मानत नाही. बसल्यामुळे झोप उडू लागली, घाबरे होऊ लागले किंवा जुने प्रसंग आवरेनासे झाले, तर सराव थांबवून जाणत्या माणसाला किंवा डॉक्टरांना भेटावे, हे अशा चर्चांत कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो.

दुसरे असे, की काही विचार हे खरोखरच काम असते. सभेत मांडायचा मुद्दा आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवला, तर पहाटे त्याला पुन्हा पुन्हा दार वाजवावे लागत नाही. यात अध्यात्म काहीच नाही.

पहाटबैठक

सर्वांचे मनापासून आभार. मुद्दामच लगेच उत्तर लिहिले नाही, दोन आठवडे करून पाहिले.

श्वासाची अडचण बरीचशी सुटली आहे. उच्छ्वासानंतर वाट पाहण्याची युक्ती पहिल्या दिवशी भीतिदायक वाटली, श्वास आलाच नाही तर काय असे क्षणभर वाटून गेले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो आला तेव्हा तो माझा वाटला नाही, आणि ते बरे वाटले.

आरशांची रांग अजून लागते, पण आता दुसऱ्या आरशाशी थांबते. ‘वाक्यात कर्ता आला की त्याचा शोध सुरू होणारच’ हे वाचल्यापासून वाक्य सुरू होताना, ‘आता मी’ एवढे शब्द उमटतानाच, ते ओळखू येते. एकदा तर त्याही आधी, घशात बोलण्याची तयारी झाल्यासारखा एक बारीक ताण जाणवला आणि वाक्य झालेच नाही. त्या वेळी जी काही दोन-तीन क्षणांची शांतता होती, तिच्यात कोणी पाहणारे होते की नव्हते हे मला सांगता येणार नाही. हा प्रश्न त्या वेळी सुचला नाही, नंतर भाजी चिरताना सुचला.

टेकडीवरची_वाट यांनी लिहिलेले दोनदा वाचले. तो प्रसंग माझ्यावर आलेला नाही, त्यामुळे त्यावर मी काही बोलणे योग्य नाही. छातीतल्या भारापाशी थांबण्याची गोष्ट मात्र लक्षात ठेवली आहे.

डेक्कनकर काका, एक किरकोळ शंका आहे. पंधरा मिनिटांनंतर उजव्या पायाला मुंग्या येतात, तेव्हा तसेच बसून राहायचे का?

जुना डेक्कनकर

ताई, मुंग्या येतात हे जाणायचे, पण पाय बधिर होईपर्यंत शौर्य दाखवायचे नाही. सतरंजीखाली घोंगडी किंवा चादरीची जाड घडी घेऊन बैठक चार बोटे उंच करावी, म्हणजे गुडघे खाली टेकतात आणि मांडीवरचा दाब कमी होतो. तरीही मुंग्या आल्या तर सावकाश पाय बदलावा, बदलताना श्वास कोठे आहे ते पाहावे. मी आता सत्तरीत आहे आणि गेली तीन वर्षे खुर्चीवर बसतो. श्वासाने त्याबद्दल अद्याप तक्रार केलेली नाही.

सभेचे काय झाले, ते मात्र आपण लिहिले नाही.

पहाटबैठक

चादरीची घडी आजपासून घेतली आहे.

सभा गणपूर्ती न झाल्यामुळे तहकूब झाली, काका. मुद्दे कागदावर लिहून नेले होते, तो कागद घडी घालून तसाच पर्समध्ये आहे. तरीही आज पहाटे भाषण आले, आणि मागच्यापेक्षा चांगले झाले होते. शेवटच्या मुद्द्यापर्यंत पोहोचले तेव्हा पंप सुरू झाला.